सकाळचा आरसा आणि संध्याकाळचे कपडे

डोंबिवलीतील एका घरात सकाळी दहाच्या सुमारास एक तरुणी आरशासमोर उभी आहे, अशी कल्पना करावी. दुपारी दोन वाजता नरिमन पॉइंटला तिची नोकरीची मुलाखत आहे. अंगात फिकट राखाडी रंगाचा सुती कुर्ता, त्याला शोभेशी सलवार, दोन्हींना कडक इस्त्री. डोक्यावर पंखा फिरतो आहे. ती समोरून पाहते, एकदा बाजूला वळून पाहते, आई दारातून पाहून समाधानाने मान डोलावते. वेष अगदी बरोबर जमलेला असतो, यात शंका नाही.

मग तासाभराचा लोकलचा प्रवास, त्यातील निम्मा उभ्याने. स्थानकाबाहेर टॅक्सीच्या रांगेत दहा मिनिटे ऊन. नंतर प्रतीक्षाकक्षातील रेक्झिनची खुर्ची. दोनची मुलाखत साडेतीनपर्यंत लांबते. प्रसाधनगृहातील आरशात ती स्वतःला पुन्हा पाहते तेव्हा कुर्त्याच्या मागच्या बाजूला आडव्या चुण्यांची जाळी उमटलेली असते, काखेखाली गडद डाग असतो, गळा एका बाजूला सरकलेला असतो आणि सलवार गुडघ्याशी फुगलेली असते. या क्षणी तिच्या मनात येणारा पहिला विचार कापडाविषयीचा नसतो. ‘आपल्याला काही शोभतच नाही,’ असे तिला वाटते. याच मनःस्थितीत ती पुढच्या पाच मिनिटांत चार अनोळखी माणसांसमोर जाऊन बसणार असते.

हा अनुभव स्त्रीपुरुष सर्वांचाच आहे आणि त्याचा दोष बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी टाकला जातो. कुणी स्वतःच्या बांध्याला नावे ठेवतो, कुणी शिंप्याला, कुणी नशिबाला. वस्तुतः सकाळच्या आरशाने खोटे काहीच सांगितलेले नसते. त्याची परीक्षाच वेगळी असते. कोरडे, ताजेतवाने, न हलणारे, ताठ उभे शरीर त्याच्यासमोर एक-दोन मिनिटांपुरते येते. दिवस मात्र बसलेल्या, वाकलेल्या, घामेजलेल्या, जेवलेल्या शरीराची परीक्षा घेतो, आणि तीही सलग आठ-दहा तास.

आधी चुण्यांचे पाहू. सुती धागा सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्यांचा बनलेला असतो. या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. हे बंध एकेकटे दुबळे, पण संख्येने अगणित. पाण्याचे रेणू आत शिरले की ते या बंधांच्या मध्ये घुसतात आणि साखळ्यांना किंचित सरकण्याची मुभा मिळते. पाणी निघून गेले की साखळ्या त्या क्षणी जशा असतील तशाच स्थितीत नवे बंध जुळतात. इस्त्री करताना नेमके हेच केले जाते. कापडावर पाणी शिंपडायचे, उष्णता द्यायची, दाब द्यायचा आणि कापड सपाट असतानाच ते वाळू द्यायचे. आता खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे पाहावे. घामाचा ओलावा आहे, शरीराची ऊब आहे आणि पन्नास-साठ किलो वजनाचा दाब आहे. फरक इतकाच, की कापड या वेळी सपाट नसून दुमडलेले असते. बसणे ही एक इस्त्रीच आहे. ती घडीऐवजी चुण्यांवर फिरते. तासाभराने माणूस उठतो, ओलावा हळूहळू उडून जातो आणि चुण्या पक्क्या होतात.

कोणते कापड किती चुरगळेल याचा अंदाज ते हवेतून किती ओलावा घेते यावरून बराचसा बांधता येतो. २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता अशा प्रमाणित हवेत कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतो. लिनन त्याहून अधिक. आजकालच्या कुर्त्यांसाठी सर्रास वापरले जाणारे व्हिस्कोस म्हणजे रेयॉन तर कापसाच्या दीडपट पाणी पिते आणि ओले झाल्यावर लक्षणीय दुबळे होते. दुकानात हाताला इतके मऊ, झुळझुळीत लागणारे हे कापड संध्याकाळी मरगळते ते त्यामुळेच. लोकर या हिशेबात बसत नाही. ती सर्वांहून जास्त ओलावा घेते, पण तिच्या तंतूला मुळातच स्प्रिंगसारखी वळणे असल्याने रात्रभर हँगरवर टांगलेला लोकरी कोट सकाळी बराचसा सावरलेला असतो. उलट टोकाला पॉलिएस्टर. त्याचा आकडा अर्धा टक्कासुद्धा नाही. पाणीच आत शिरत नाही, म्हणून चुणीही धरत नाही.

मुंबईत पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत सुती कापड घरातून निघतानाच अर्धे तयार झालेले असते, चुरगळायला. हाच कुर्ता डिसेंबरमधल्या कोरड्या पुण्यात दिवसभर बऱ्यापैकी टिकतो. पुण्याच्या दुकानात पसंत केलेला कपडा मुंबईत निराश करतो तेव्हा दुकानदाराने फसवले, असे समजण्याचे कारण नाही.

चुण्यांवर उपाय शोधण्याचा खटाटोप जुना आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लिन्स येथील प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ रूथ बेनेरिटो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात या विषयावर मोलाचे काम केले. सेल्युलोजच्या साखळ्यांमध्ये रसायनांचे पक्के पूल बांधले, तर पाणी आले तरी त्या सरकणार नाहीत, ही त्यामागची कल्पना. आज दुकानांत ‘रिंकल फ्री’ अशी पट्टी लावून जे सुती शर्ट विकले जातात त्यांच्यामागे हेच तत्त्व आहे. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. पुलांनी जखडलेला तंतू ठिसूळ होतो. म्हणूनच असे शर्ट चुरगळत नाहीत, पण त्यांच्या कॉलरची आणि कफची कड लवकर विरते.

दुसरा मार्ग कापूसच बाजूला ठेवण्याचा होता. इंग्लंडमध्ये १९४१ साली जॉन व्हिनफील्ड आणि जेम्स डिक्सन यांनी टेरिलीन हा पॉलिएस्टर धागा तयार केला. पुढे त्यातून आणि कापसाच्या मिश्रणातून आलेल्या टेरिकॉटने भारतातील मध्यमवर्गाला अक्षरशः वेड लावले. इस्त्रीची घडी दिवसभर मोडत नाही आणि धुतले की तासाभरात वाळते, याचे अप्रूप ज्यांनी कोळशाच्या इस्त्रीशी झुंज दिली होती त्यांनाच कळावे. लग्नात जावयाला टेरिकॉटचे कापड देणे ही त्या पिढीत प्रतिष्ठेची गोष्ट होती. पण जे कापड पाणी आत घेत नाही ते घामही आत घेत नाही. तो कातडी आणि कापड यांच्यामध्ये तसाच राहतो, आणि संध्याकाळी घडी शाबूत असूनही माणूस आतून उकडून निघालेला असतो.

शिवाय वासाचा प्रश्न आहे, आणि आरशाला वास येत नाही. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात २६ निरोगी व्यक्तींनी व्यायाम करताना घातलेले सुती आणि पॉलिएस्टरचे टीशर्ट दुसऱ्या दिवशी तपासण्यात आले. पॉलिएस्टरच्या टीशर्टांचा वास अधिक उग्र आणि नकोसा ठरला. घामाचा वास निर्माण करणारे काही जिवाणू या कापडावर अधिक चांगले वाढतात, असे त्यात दिसून आले. तैलद्रव्ये पॉलिएस्टरला चिकटून राहतात, हेही एक कारण आहे. त्यातली खरी अडचण अशी, की स्वतःच्या वासाला नाक लवकर सरावते. चुणी निदान दिसते तरी!

घामाच्या डागाचे गणित आणखी वेगळे. कोरड्या कापडात तंतू आणि मधली हवा यांच्या सीमेवर प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि बराचसा डोळ्यांपर्यंत परत येतो. हवेची जागा पाण्याने घेतली की प्रकाशाचे विखुरणे कमी होते, तो आत शिरतो, शोषला जातो आणि कापड गडद दिसते. काळ्या किंवा गडद निळ्या कापडाला आणखी गडद होण्यास फारसा वाव नसतो. पांढरे कापड गडद न होता पारदर्शक होते, ती अडचण निराळी. सर्वांत अधिक उघडे पडतात ते मधले रंग, म्हणजे फिकट राखाडी, आकाशी, मोतिया हिरवा. कार्यालयीन वेषासाठी ‘सौम्य आणि सभ्य’ म्हणून हेच रंग सुचवले जातात, हा विनोदच म्हणायचा. छापील कापडावर डाग विरघळून जातो. आजीच्या पिढीतील बारीक फुलांच्या छापील पातळांत सौंदर्याइतकाच हा व्यवहारही होता.

आता हालचाल. गुडघा पूर्ण वाकला की त्यावरील त्वचा लांबीच्या दिशेने तिच्या मूळ मापाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक ताणली जाते. त्वचा लवचिक असते, कापड तेवढे नसते. मग एकतर कापडाने वर सरकायला हवे, किंवा ताणायला हवे. सलवार सरकते, घट्ट पँट ताणली जाते. अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये विकसित केलेला स्पॅन्डेक्स हा धागा, म्हणजेच बाजारातील लायक्रा, अशा कापडात दोन-तीन टक्के मिसळलेला असतो. तो परत आखडतो, परंतु त्याच्याबरोबर विणलेला उरलेला सत्त्याण्णव टक्के कापूस पूर्णपणे परत येतोच असे नाही. शेकडो वेळा उठबस झाल्यावर गुडघ्याशी पिशव्या तयार होतात आणि धुतल्याशिवाय त्या जात नाहीत. सकाळी अंगाबरोबर बसणारी जीन्स संध्याकाळी ढगळ वाटते ती यामुळे. आणि त्याच वेळी तिचा कमरपट्टा मात्र रुतत असतो! कारण दरम्यान शरीरही बदललेले असते. जेवणानंतर पोटाचा घेर वाढतो, बसल्यावर तो आणखी वाढतो. दिवसभर उभे राहिल्याने पायांत द्रव उतरतो आणि पावले किंचित सुजतात. चपला-बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, हा सल्ला त्यातूनच आला. मणक्यांमधील चकत्या दिवसभराच्या भाराने दबतात आणि माणूस रात्री सकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटरने बुटका झालेला असतो. थोडक्यात, ज्या शरीरावर सकाळी कपडा चपखल बसला होता, ते शरीर संध्याकाळी तंतोतंत तेच राहिलेले नसते.

हाताची गोष्ट शिंपीकामातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. तयार कपड्यांत बाहीचा मुंढा पुष्कळदा खोल ठेवतात, कारण मग एकच माप अधिक लोकांना ‘होते’. मुंढा खोल म्हणजे हात मोकळा, असा समजही आहे. प्रत्यक्षात उलटे घडते. मुंढा काखेपासून जितका खाली, तितका हात वर करताना संपूर्ण कपडा वर खेचला जातो. लोकलमधील कडी पकडताच कुर्ता कमरेच्या वर जातो, शर्ट पँटीतून बाहेर येतो, आणि हात खाली आणल्यावर पूर्वीच्या जागी जात नाही. जुन्या पद्धतीच्या कुर्त्यांना आणि बंड्यांना काखेत एक लहानसा चौकोनी तुकडा जोडलेला असे. हात उचलला की तो तुकडा उलगडायचा, बाकीचा कुर्ता जागच्या जागी राहायचा. तो जोडायला वेळ लागतो, कौशल्य लागते; तयार कपड्यांच्या कारखान्यात तो परवडत नाही. आरशासमोर हात खाली सोडून उभे राहणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याची उणीवही जाणवत नाही.

साडीचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. साबुदाण्याची किंवा तांदळाच्या पेजेची खळ दिलेली सुती साडी सकाळी कागदासारखी कडक असते. निऱ्या एकावर एक बसतात, पदर खांद्यावर उभा राहतो. ही खळ म्हणजे स्टार्चचा पातळ लेप. दमट हवेत आणि घामात तो नरम पडतो आणि चार-पाच तासांत निऱ्या फाकू लागतात. म्हणजे सुती साडीसुद्धा दिवसअखेर निराश करतेच. फरक असा, की साडी नेसणारीला हे ठाऊक असते आणि साडी दुरुस्त करता येते. दुपारी दोन मिनिटे बाजूला जाऊन निऱ्या पुन्हा चोपून खोचल्या, पदराची टाचणी काढून लावली, की साडी पुन्हा उभी राहते. पोट भरले तर परकराची नाडी बोटभर सैल करता येते. नऊवारीत तर कासोट्यामुळे दोन्ही पायांना स्वतंत्र मोकळीक असते. शेतात वाकणाऱ्या, माशांची टोपली डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायका ती उगीच नेसत नव्हत्या. न शिवलेले वस्त्र दिवसभरात अनेकदा नव्याने जमवायचे असते, हे गृहीतच धरलेले होते. शिवलेल्या वस्त्राने ही जमवाजमव एकदाच, शिलाईच्या वेळी उरकून टाकली. त्यामुळे सोय झाली. पण शिवण चुकली असेल तर नेसणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

प्रकाशाचा मुद्दाही मोठा आहे. कपड्याचा रंग हा कापड आणि प्रकाश या दोघांनी मिळून ठरतो. दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी साधलेले असतील, तर दुकानातील दिव्यांखाली ते हुबेहूब एक दिसतात आणि उन्हात वेगळे पडतात. दादरच्या कापडबाजारात मॅचिंग ब्लाउजपीस घ्यायला आलेल्या बायका साडी आणि कापड दोन्ही उचलून दुकानाच्या दारापर्यंत उजेडात घेऊन जातात, ती खोड नव्हे. ती शास्त्रशुद्ध चाचणी आहे. ट्रायल रूममधील मंद, पिवळसर उजेडात ही चाचणी होऊ शकत नाही आणि तिथे अंगाची उठबसही फारशी होत नाही.

कपड्यांमुळे आत्मविश्वास वाढतो, असे नेहमी सांगितले जाते. अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवले होते, की डॉक्टरचा म्हणून सांगितलेला पांढरा कोट घातल्यावर लोकांची एकाग्रता सुधारते. हा निष्कर्ष जगभर गाजला. २०१९ मध्ये हाच प्रयोग पुन्हा काटेकोरपणे केला गेला तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. त्यामुळे कपडा माणसाला हुशार करतो, असे ठामपणे म्हणता येत नाही. कपडा लक्ष विचलित करतो, हे मात्र प्रयोगशाळेत न जाताही कळते. सकाळी मानेवरची पट्टी जाणवत नाही, कारण त्वचा सततच्या हलक्या स्पर्शाला सरावते. घामाने त्वचा ओलसर झाली की घर्षण वाढते आणि तीच पट्टी टोचू लागते. ज्याला दर दोन मिनिटांनी कुर्ता खाली ओढावा लागतो किंवा कॉलर सारखी करावी लागते, त्याचे समोरच्या प्रश्नाकडे पूर्ण लक्ष असणे अवघडच. त्यात वातानुकूलित खोली. घामाने भिजलेले सुती कापड तिथे गार पडते, सावकाश वाळते आणि मघाशी घामाघूम झालेली व्यक्ती आता कुडकुडत असते.

पूर्वी कापडदुकानात जाणती माणसे कापडाचा कोपरा मुठीत घट्ट चुरगळून अर्धा मिनिट धरत आणि मूठ उघडून पाहत. कापड जितके लवकर उलगडेल तितके ते दिवसभर टिकणार, हा त्यातला अंदाज. तयार कपड्यांच्या बाबतीतही हे करायला कुणी मनाई केलेली नाही. मापाचे म्हणाल, तर कपडा घालून स्टुलावर बसावे, पुढे वाकावे, दोन्ही हात वर करून खाली आणावेत आणि मगच आरशात पाहावे. बसल्यावर आसनाशी ताण पडत असेल, तर उभ्याने तो कितीही छान दिसला तरी उपयोग नाही. महत्त्वाच्या दिवशी नवा कोरा कपडा पहिल्यांदा अंगावर चढवण्याची आपल्याकडे हौस फार. सणाला ती ठीक आहे. मुलाखतीचा कपडा मात्र आधी एकदा संध्याकाळपर्यंत घालून पाहिलेला असावा. ज्यांना लांबचा प्रवास आहे, त्यांनी कुर्ता किंवा शर्ट पिशवीत गुंडाळी करून न्यावा आणि पोहोचल्यावर बदलावा, हे सर्वांत साधे. गुंडाळीला घडीसारख्या तीक्ष्ण दुमडी पडत नाहीत.

डोंबिवलीहून आलेल्या त्या तरुणीकडे बदलायला दुसरा कुर्ता नाही. पण ज्या पाण्याने चुण्या पाडल्या तेच त्या काढूही शकते. तिने बोटे ओली करून कुर्त्याच्या मागच्या भागावर हलकेच फिरवावीत, खालची कड दोन्ही हातांनी ताणून धरावी आणि हात सुकवण्याच्या यंत्रासमोर दोन-तीन मिनिटे उभे राहावे. राखाडी कापड आधी गडद होईल, मग पुन्हा फिकट होत जाईल आणि बंध या वेळी सपाट स्थितीत जुळतील. पूर्ण इस्त्री होणार नाही, पण चुण्यांची जाळी निम्म्याहून अधिक विरेल. काखेचा डाग ओढणीखाली जाईल. त्यानंतर नाव पुकारले जाईपर्यंत मात्र तिने खुर्चीवर बसू नये.